सुई सांगेल ते

६ जानेवारी १९७४, रविवार. कोयनानगर.

आज सकाळी तिसऱ्यांदा झालं. बनुबाई भाकरी थापत होती. तव्यावर टाकायला उजवा हात उचलला आणि तो हात आपला आपणच हालायला लागला. ती त्या हाताकडं बघत बसली. मग तोंड वाकडं झालं आणि ती आडवी झाली. शालननं तवा पायानं बाजूला लोटला म्हणून बरं, नाहीतर आई तिथंच पोळली असती. पोरगी अठराची आहे, पण डोकं जाग्यावर ठेवते. पाच-सात मिनिटांनी बनु शुद्धीवर आली आणि पहिलं काय विचारलं तर, "भाकरी करपली का?"

मी म्हणालो, अगं बाई, भाकरीचं मरू दे. पण मी घाबरलो आहे. वहीत लिहायला हरकत नाही, ही कोण वाचतंय. पलटणीत असल्यापासून रोजचं रोज लिहायची खोड आहे ती सुटत नाही.

शेजारच्या दगडाबाई म्हणतात, हे भूकंपाचंच. सदुसष्ट साली भिंत अंगावर आली तेव्हा बनुच्या डोक्याला वीट लागली होती, तीन टाके पडले होते. मलाही तसंच वाटतं. मुका मार सहा वर्षांनी वर येतो. का नाही येणार?

१५ जानेवारी, मंगळवार.

कॉलनीतल्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बसवून बारक्या बॅटरीनं तिच्या डोळ्यात बघितलं. म्हणाले, डोळ्यामागची नस सुजली आहे, डोक्यात दाब वाढलाय. सांगलीला मेंदूचे सर्जन आहेत, आठवड्याच्या आत न्या. मी विटेचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगलीची चिठ्ठी लिहायला घेतली.

धरणाच्या स्टोअरात मी स्टोअरकीपर. साहेबांनी रजा लगेच दिली, वर "आकाराम, काळजी करू नका" म्हणाले. लोक असं म्हणाले की जास्तच काळजी वाटते.

घरी आलो तर मेव्हण्याचं पत्र. कृष्णात म्हणजे बनुचा धाकटा भाऊ, इस्लामपूरच्या पलीकडं त्याचा ऊस आहे. शालनसाठी स्थळ काढलंय. नानासो म्हणून भले गृहस्थ, मुलगा साखर कारखान्यात लॅबोरेटरीत. "घरात कोड, दमा, क्षय असलं काही न्हाई ना, येवढंच इचारत्यात. मी छातीठोक सांगितलंय, दाजी पलटणीतला माणूस हाय, आमच्यात असलं काही न्हाई."

ते पत्र मी तीनदा वाचलं.

२१ जानेवारी, सोमवार. सांगली.

काल पहाटेच्या एसटीनं निघालो. घाटात बनुला उलट्या झाल्या. इस्लामपूरला कृष्णात गाडीत चढला. शालनला दगडाबाईंच्या ताब्यात ठेवलं आहे.

दवाखाना स्वच्छ आहे. सर्जन डॉ. कुरियन, केरळचे. मराठी पुस्तकात लिहिल्यासारखं बोलतात, पण माणूस सरळ वाटतो. बनुला त्यांनी बोटं मोजायला लावली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं. उजवं बोट गालावर गेलं. तिला हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत.

डोक्याचा फोटो झाला, छातीचा झाला. उद्या मानेतल्या शिरेत औषध सोडून मेंदूतल्या शिरांचा फोटो काढणार.

२३ जानेवारी, बुधवार.

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

डॉक्टरांनी मला आणि कृष्णातला खोलीत बोलावलं. फोटो काचेला लावला. डाव्या बाजूच्या शिरा एका जागी वळसा घेऊन गेल्यात. नदी टेकडीला वळसा घालते तशा. "इथे गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. "विटेचा काही संबंध नाही."

गाठ दोन जातींची असू शकते. एक क्षयाची. फुप्फुसात होतो तोच क्षय, कधीकधी रक्तातून मेंदूत जाऊन गाठ करतो. आपल्या देशात हे पुष्कळ दिसतं. ती औषधानं विरघळते, इंजेक्शनं आणि गोळ्या दीड-दोन वर्षं. दुसरी कॅन्सरच्या जातीची. ती औषधाला दाद देत नाही, वाढत जाते. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. बनुच्या छातीचा फोटो स्वच्छ आला, म्हणून तिथूनही काही कळत नाही.

मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला क्षय झाला होता का? आत्ता नाही, पूर्वी कधी. दहा-पंधरा वर्षांपूर्वी असला तरी चालेल. तो जंतू अंगात गुपचूप पडून राहतो."

कृष्णात माझ्या शेजारी बसला होता. माझ्याआधी तोच बोलला. "छे छे, आमच्यात न्हाई डॉक्टर."

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. "तुमच्या घरात?"

मी म्हणालो, "न्हाई."

मला झाला होता. एकसष्ट साली. पलटणीत असताना खोकल्यातून रक्त पडलं, चौदा महिने मिलिटरी हॉस्पिटलात काढले, मग मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं. गावात सांगितलं, गुडघा निकामी झाला. अजून गावी गेलो की चावडीपासून घरापर्यंत उजवा पाय ओढत चालतो. खरं काय ते एकट्या बनुला ठाऊक. दोन वर्षं तिनं माझा पेला, ताट वेगळं ठेवलं, उकळून घेतलं, सासूलासुद्धा कळू दिलं नाही. त्या वेळी तिचं वय काय, तेवीस-चोवीस.

डॉक्टर म्हणाले, "घरात कोणाला असता तर मी सरळ इंजेक्शनं सुरू केली असती आणि सहा आठवडे वाट पाहिली असती. तसं काही नाही, तर दोन महिने घालवणं धोक्याचं. मग सुई घालून बघावं लागेल." कवटीला पाच पैशाच्या नाण्यापेक्षा लहान भोक. त्यातून पोकळ सुई गाठीपर्यंत. शेवईच्या तुकड्याएवढं काढायचं आणि तपासायला पुण्याला पाठवायचं.

मी विचारलं, धोका किती? त्यांनी लपवलं नाही. "शंभरात चार-पाच जणांना आत रक्तस्राव होतो. दहा-पंधरा जणांच्या तुकड्यातून काहीच कळत नाही. आणि यांची गाठ बोलण्याच्या जागेजवळ आहे. पण कवटी उघडण्यापेक्षा हे पुष्कळ सौम्य. बाकीच्यांना उत्तर मिळतं."

शंभरातले पंच्याण्णव. मी मनात तेच धरून बाहेर आलो.

२४ जानेवारी, गुरुवार.

रात्रभर विचार केला. सकाळी एकटाच डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेलो. दाराला हात लावला. मग कृष्णातच डोळ्यापुढं आला. नानासोंना त्यानं छातीठोक सांगितलंय. उद्या तो म्हणेल, दाजी, माझ्या बहिणीला तुमी दिलं हे दुखणं, आन् मला खोट्यात पाडलं. शालनचं मोडलेलं लग्न तालुकाभर होईल. एकदा घराला क्षय चिकटला की पुढं तीन पिढ्या स्थळ येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि सांगायची गरज तरी काय? सुई सांगेलच. क्षय असेल तर पुण्याचा कागद म्हणेल क्षय. माझ्या तोंडून निघायला नको, औषध तेच मिळणार. लोकांना काय सांगायचं ते मग बघू. कुणाला कुठंही होतो, एसटीत बसल्यानंही होतो.

हे मला बरोबर वाटलं आणि मी दारातून परत फिरलो. परत जाताना डॉक्टर भेटले. त्यांनी पुन्हा विचारलं, "नीट आठवून बघितलंत?" मी म्हणालो, बघितलं साहेब.

दुपारी कृष्णात चहाला गेला तेव्हा बनुनं हळूच विचारलं, "आवं, तुमच्या त्या दुखण्याचं सांगितलंसा का डॉक्टरला?"

मी म्हणालो, "व्हय, सांगितलं."

"बरं झालं. माझ्या जिवाला तेच लागलं व्हतं. मग काय म्हणाले?"

"म्हणाले, तरी बी सुई घालून बघितलेली बरी."

"मग घालू दे. डॉक्टरला समदं ठावं असल्यावर मला कशाची भीती?"

मी तिच्यासाठी मोसंबी सोलत बसलो. तिच्याकडं बघवेना.

२६ जानेवारी, शनिवार.

सही केली. माझी सही चांगली आहे, साहेब लोक नेहमी म्हणतात. आज ती वाकडी आली.

२८ जानेवारी, सोमवार.

न्हावी आला. डोक्याची डावी बाजू भादरायची. बनु कशालाच घाबरली नव्हती, पण वस्तरा बघून रडली. म्हणाली, माझा धनी जिता हाय, मी डोस्कं का भादरू? नर्सनं समजावलं, मावशी, अर्धंच काढतोय, पदराखाली दिसणारसुद्धा नाही. मग बनुनं माझ्याकडं बघितलं. मी मान हालवली. तेव्हा ती गप बसली. कापलेली वेणी तिनं रुमालात बांधून माझ्याकडं दिली, शालनच्या गंगावनाला होईल म्हणाली.

नंतर बराच वेळ बोलत होती. शालनच्या लग्नात हिरवी साडी नको, मोतिया घ्या. कृष्णातच्या बायकोला पुढं पुढं करू देऊ नका. म्हशीला सरकी भिजवून घाला. एरवी मी म्हणतो, बाई, किती बोलशील. आज ऐकत बसलो. मला बरं वाटत होतं.

अजून सांगता आलं असतं. डॉक्टर सहा वाजता फेरीला आले होते.

२९ जानेवारी, मंगळवार.

नऊला आत नेली. साडेदहाला डॉक्टर बाहेर आले, तुकडा मिळाला म्हणाले. मी त्यांचे पाय धरायला वाकलो. कृष्णात पेढे आणायला निघाला, मी म्हणालो, थांब, शुद्धीवर येऊ दे.

बाराला शुद्धीवर आली. मी विचारलं, कसं वाटतंय? "तोंड सुकलंय," म्हणाली. नर्सनं ओल्या कापसानं ओठ पुसले.

अडीचला डावी बाहुली मोठी झाली. लोक धावले. पुन्हा आत.

३० जानेवारी, बुधवार.

रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी भोक मोठं करून रक्त काढलं. जीव वाचला आहे.

२ फेब्रुवारी, शनिवार.

डोळे उघडते. उजवा हात, उजवा पाय लुळा. सांगितलेलं सगळं कळतं. डावा हात उचल म्हटलं की उचलते, डोळे मीट म्हटलं की मिटते. पण बोलणं नाही. तोंड उघडते, आत शब्द शोधते, सापडत नाही, मग डोळ्यांतून पाणी. डॉक्टर म्हणतात काही परत येईल, किती ते सांगता येत नाही.

चार-पाच जणांतली एक. मी पंच्याण्णव धरून बसलो होतो.

शालन आली आहे. आईचं सगळं तीच करते. आज मला म्हणाली, "आबा, तुमी कायतरी खावा. तुमचा काय दोष हाय?"

९ फेब्रुवारी, शनिवार.

पुण्याहून कागद आला. डॉक्टर तो घेऊन स्वतः खाटेपाशी आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळलेला दिसला. "क्षयाची गाठ आहे. कॅन्सर नाही. औषधाने विरघळेल." शालननं तिथंच हात जोडले. कृष्णातही उभा होता.

मग डॉक्टर म्हणाले, "आता घरातल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायचे. हा आला कुठून, ते शोधलं पाहिजे. पुन्हा विचार करा. कोणीतरी असणार."

बनु डॉक्टरांकडं बघत होती. मग तिची नजर माझ्याकडं आली. तिला कळेना, डॉक्टर हे का विचारतात. यांना सांगितलंय ना? तोंडानं बोलता येत नव्हतं, पण मी तिच्याबरोबर वीस वर्षं काढलीत, मला ते ऐकू आलं.

मी म्हणालो, "साहेब, मला झाला व्हता. एकसष्ट साली."

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मी विचारलं होतं."

"व्हय."

"दोनदा विचारलं होतं."

"व्हय साहेब."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आधी कळलं असतं तर मी इंजेक्शनं देऊन थांबलो असतो. कदाचित सुईची गरजच लागली नसती. कदाचित लागलीही असती. सुईला दोष देऊ नका, तिनं आपलं काम केलं." एवढं बोलून पुढच्या खाटेकडं गेले.

कृष्णात बाहेर निघून गेला. शालन खाली बघत होती. बनुनं डाव्या हातानं पदर ओढला आणि तोंडावर घेतला. अर्धा पदर उजव्या कुशीखाली अडकला होता. मी तो सोडवायला पुढं झालो तर तिनं माझा हात ढकलला. डाव्या हातात तिच्या पुष्कळ जोर आहे.

त्या कदाचितवर मी दिवसभर चढतो-उतरतो आहे. सुई लागलीही असती. पण तिला मी सांगितलं म्हणालो होतो, त्यात कदाचित कुठं आहे?

१७ मार्च, रविवार. कोयनानगर.

घरी आणून तीन आठवडे झाले. इंजेक्शन मीच देतो, कॉलनीच्या कंपाउंडरकडून शिकून घेतलं. सकाळी सातला पाणी उकळायला ठेवलं की बनु दंड उघडा करून भिंतीकडं तोंड करते. टोचताना हूं नाही की चूं नाही. शालनच्या हातचं खाते, दगडाबाईंना हसून दाखवते. माझ्याकडं बघत नाही.

आज नानासो स्वतः आले होते, कृष्णातला बरोबर घेऊन. मी आधीच पत्र टाकून खरं काय ते कळवलं होतं, लग्न मोडायला येतील असं धरून चाललो होतो. ते चहा पिऊन म्हणाले, "आमच्या थोरल्या भावाला बी झाला व्हता की. अठरा म्हैने इंजेक्शनं घेतली, आज बैलाला आवरतोय. औषध निघाल्यावर कसली लाज आलीया पाव्हणं? पोरीच्या छातीचा फोटू चांगला हाय नव्हं, मग झालं." मग बनुच्या खोलीकडं बघत आवाज खाली आणला. "येवढ्यासाठी गप बसलासा व्हय?"

मी पान पुढं केलं. कृष्णातनं माझ्या हातचं पान घेतलं नाही.

१९ मे, रविवार.

शालनचं लग्न झालं. मोतिया साडी घेतली होती. बनुला खुर्चीत बसवून मांडवात नेलं. अक्षता तिनं डाव्या हातानं टाकल्या. पोरगी निघताना "शा, शा" असं दोनदा म्हणाली. सगळे रडले. शालन माझ्या पाया पडली, पण गळ्यात पडली ती आईच्या.

१२ जुलै, शुक्रवार.

शब्द परत येताहेत. पाणी. म्हस. दार. दगडाबाई रोज तासभर बसून तिच्याकडून म्हणवून घेतात. मी आत आलो की धडा थांबतो.

१८ सप्टेंबर, बुधवार.

आज सांगलीला दाखवून आलो. शालन सासरी, तेव्हा आम्ही दोघंच. काठी टेकत बनु एसटीच्या पायऱ्या चढली. मी मागून हात देऊन होतो, तिला त्याची गरज लागली नाही.

डॉक्टरांनी डोळ्यात बघितलं. नसेची सूज गेली आहे. गाठ विरघळते आहे, औषध अजून वर्षभर. मग समोर वस्तू मांडल्या. किल्ली. "किल्ली." फणी. "फणी." पेला, घड्याळ, बटण, सगळं बरोबर. शब्द सावकाश येतो, पण येतो. मुलीचं नाव? "शालन." भावाचं? "क्रुष्णात." डॉक्टर इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या खोलीतल्या नर्सलाही बोलावलं.

मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "आणि हे कोण?"

बनु पदर सावरत राहिली.

नर्स हसून म्हणाली, "सर, इकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

"नाव नको. तुमचे कोण लागतात, तेवढं सांगा."

धनी म्हणता येतं, मालक म्हणता येतं, शालनचे आबा म्हणता येतं. लग्न झाल्यापासून ती ह्याच नावांनी लोकांपुढं माझी ओळख देत आली. तिनं मान वळवली आणि फेब्रुवारीपासून पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. बराच वेळ बघितलं. मी आपला शाळेतल्या पोरासारखा उभा.

"ठावं न्हाई," ती म्हणाली. कुठंही अडखळली नाही.

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून घेतलं. म्हणाले, "एवढा एक शब्द मागे राहिला आहे. असं होतं, जवळचाच शब्द राहून जातो. घरी तुम्ही रोज सराव करून घ्या, येईल." मी बरं म्हणालो. तसंच असेल. डॉक्टरांना जास्त कळतं.

परत येताना तिला खिडकीची जागा दिली. कराड येईपर्यंत ती काचेतून बघत एकेक शब्द पुटपुटत होती. ऊस. गाडी. बैल. पूल. मी शेजारी बसलो होतो. मी काही विचारलं नाही.